सुट्टीसाठी उडती खेळणी

प्रश्न : भाचा नऊ वर्षांचा आहे. दिवाळीच्या सुट्टीत आमच्याकडे येतोय आणि ड्रोनच हवा म्हणून हटून बसलाय. खेळता खेळता काही शिकेल असं काय द्यावं?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : रबराच्या पिळावर उडणारं बाल्सा लाकडाचं विमान द्या. खेळण्यातला ड्रोन एका चार्जिंगवर पाच-सात मिनिटं उडतो आणि बहुतेक वेळा त्याचा तोल आतलं सर्किटच सांभाळतं. बाल्साच्या विमानात पंख कुठे बसवायचा, पीळ किती द्यायचा, हे मुलालाच ठरवावं लागतं आणि चुकलं तर ते तिथल्या तिथे दिसतं. राइट बंधूंना वडिलांनी १८७८ मध्ये आणून दिलेलं उडतं खेळणंही रबरावरच चालायचं. घेताना पंख पुढे-मागे सरकतो का, एवढं दुकानातच बघा. पक्का चिकटवलेला असेल तर घेऊ नका, कारण शिकण्यासारखं सगळं त्या सरकण्यातच आहे. जादा रबर मात्र आठवणीने घ्या.

ड्रोन द्यायचाच असेल तर पात्यांना गार्ड असलेला, घरात उडवायला. नाशिकला देवळाली, गांधीनगर, ओझर असे लष्करी आणि विमानतळाचे भाग आहेत. २५० ग्रॅमपर्यंतच्या नॅनो ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण लाल क्षेत्रात, म्हणजे ड्रोनला बंदी असलेल्या भागात, परवानगीशिवाय तोही उडवता येत नाही. बाहेर नेण्याआधी ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा बघाच.

प्रश्न : असंच विमान आणलं. सोडलं की नाक वर करतं, थबकतं आणि धपकन पडतं. जास्त पीळ दिला तर डावीकडे वळून आपटतं.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : आधी पीळ न देताच सोडून बघा. वाऱ्याकडे तोंड करा, विमान खांद्याच्या उंचीवर आडवं धरा, नाक किंचित खाली ठेवा आणि हलकेच पुढे ढकला. भिरकावू नका. नाक वर करून थबकतंय म्हणजे शेपटीकडे भार जास्त झालाय. पंख दोन-तीन मिलिमीटर मागे घ्या, पुन्हा सोडा. सरळ खाली सूर मारायला लागलं तर पंख पुढे. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. रबर आणि पातं लावलेलं असतानाच विमान पंखाखाली दोन बोटांच्या टोकांवर तोला. पंखाच्या पुढच्या काठापासून रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर ते स्थिर राहिलं, तर सुरुवातीला पुरे.

डावीकडे वळणं पात्यामुळे होतं. मागून बघितलं तर पातं बहुधा घड्याळाच्या दिशेने फिरतं आणि त्याची प्रतिक्रिया विमानाला डावीकडे कलवते. पीळ वाढला की हा जोरही वाढतो. म्हणून पन्नास पिळांपासून सुरुवात करा आणि दहा-दहाने वाढवा. तरीही वळत असेल तर शेपटीच्या उभ्या पानाच्या मागच्या काठाला तोंडाची वाफ द्या आणि केसभर उजवीकडे वाकवा. कोरडं बाल्सा वाकवलंत तर तडकतं. पंख पिळवटलाय का, तेही समोरून डोळ्याच्या रेषेत धरून बघा.

सोडताना आधी पातं, लगेच विमान. सकाळी वारा उठण्याआधी गोल्फ क्लब मैदानासारखी मोकळी जागा गाठा, पण चालायला येणाऱ्यांपासून लांब उभे राहा. पीळ आणि सेकंद वहीत लिहायला लावा. प्रत्येक पिळाला तीन उड्डाणं घेऊन सरासरी काढायची.

रबर तुटू नये म्हणून ग्लिसरीनमध्ये थोडा द्रव साबण मिसळून चोळा. खोबरेल किंवा मशीनचं तेल लावू नका, त्याने रबर फुगून कमजोर होतं.