रोबोट दूध काढतो, सडांना माणसाचा हात लागत नाही, तरी गायींना कासदाह का होतो?

कारण हात गेला तरी कप राहिलेच. एका रोबोटवर साधारण 60 गायी येतात आणि तेच चार कप सगळ्यांच्या सडांना लागतात. म्हणून दोन गायींमध्ये कप वाफेने किंवा पेरॅसेटिक आम्लाने धुतले जातात का, हे आधी बघा.

मग लायनर, म्हणजे कपाच्या आतलं रबरी अस्तर. 60 गायी दिवसातून अडीच वेळा म्हणजे 150 दोहने. रबरी लायनर साधारण 2500 दोहनांनंतर बदलावा लागतो, म्हणजे जेमतेम सोळा दिवस! महिना-महिना तेच रबर चालवलं तर त्याला चिरा पडतात, त्यात जंतू बसतात आणि सडाचं टोक खरखरीत होतं.

सर्वात जास्त चूक होते ती दोहनानंतर सडांवर मारल्या जाणाऱ्या जंतुनाशक फवाऱ्यात. गाय बाहेर पडताच सडाभोवती पांढरा टिश्यू गुंडाळून पाहा. आयोडीनचा तपकिरी डाग चारही सडांवर, सगळ्या बाजूंनी उमटायला हवा. मागचे सड बऱ्याचदा कोरडेच राहतात. नोझल तुंबलंय का तेही पाहा. कासेवरचे केस कापा, नाहीतर कॅमेऱ्याला सड नीट दिसत नाही आणि कप चुकतो.

दोहनानंतर सडाचं तोंड अर्धा तास तरी उघडं असतं. तेवढा वेळ गाय बसू नये म्हणून पुढ्यात ताजी वैरण ठेवा.

रोबोटच्या स्क्रीनवर दुधाची विद्युतवाहकता वाढल्याचा (कासदाहाची शंका असल्याचा) इशारा आला की त्याच दिवशी त्या सडाच्या दुधाची सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, कासदाहाची झटपट चाचणी) करा. नुसता स्क्रीन पाहून औषध सुरू करू नका.