वाचकांचे प्रश्न : इटलीला निघताना आणि इटली घरी आल्यावर

प्रवासी जहाजाच्या गॅलीत, म्हणजे स्वयंपाकघरात, मी १४ वर्षं काढली. त्यातले बरेच मोसम आमचं जहाज आठवड्यातून एकदा जिनोव्हाच्या बंदराला लागायचं आणि सुट्टीचे ते सहा-सात तास मी किनाऱ्यावरच्या गावांत घालवायचो. आता वेंगुर्ल्याला घरीच असतो. या महिन्याच्या टपालातले चार प्रश्न घेतो.

आम्ही नवरा-बायको मे महिन्यात ११ दिवस इटलीला जातोय. सहलीच्या पत्रकात मिलान, व्हेनिस, पिसा, फ्लोरेन्स, रोम, नेपल्स सगळंच आहे. स्वतःचं स्वतः जावं असंही मनात येतं. हे पक्के शाकाहारी, मी मासे खाते. काय करावं? – एक शिक्षिका, देवगड

ताई, स्वतःच जा, आणि यादीतली निम्मी गावं खोडून टाका. रोमला चार दिवस, फ्लोरेन्सला तीन आणि उरलेले चार लिगुरियाच्या, म्हणजे जिनोव्हाच्या बाजूच्या, किनाऱ्याला द्या. पत्रकात हा किनारा नाही, पण देवगडच्या माणसाला तो बघताक्षणी ओळखीचा वाटेल. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, आणि उतारावर दगडावर दगड रचून केलेल्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत द्राक्षं नि ऑलिव्ह. आपल्या गडग्यांना जसा चुना-सिमेंट लागत नाही, तसाच त्या बांधांनाही लागत नाही. चिंक्वे तेर्रे ही तिथली पाच गावं १९९७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. मे महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. एक दिवस पुरे, तोही सकाळी लवकर.

मुक्काम कामोल्यीला करा. जिनोव्हापासून पॅसेंजर गाडीने पाऊण तासावर आहे. उंच, रंगीत घरं समुद्राकडे तोंड करून उभी आहेत, आणि कित्येक भिंतींवर खिडक्या नुसत्या रंगवलेल्या आहेत. पहिल्यांदा मी अशाच एका खिडकीकडे बघत होतो, झडप कधी हलेल म्हणून. हे दर्यावर्दींचं गाव. नावाचा अर्थ लोक ‘बायकांची घरं’ असा सांगतात, कारण पुरुष सगळे जहाजावर. शब्दशास्त्र काहीही म्हणो, मला तो अर्थ पटतो. आमच्या वाडीतही माझ्यासकट सात घरचे पुरुष एकाच वेळी जहाजावर असायचे.

तारखा जुळल्या तर मे महिन्याचा दुसरा रविवार तिथे साधा. मच्छीमारांचा संत फोर्तुनातो याच्या उत्सवाला जोडून सुमारे चार मीटर व्यासाच्या तव्यात मासे तळून वाटतात. १९५२ पासूनची ही प्रथा आहे. नारळी पौर्णिमा करणाऱ्यांना यात परकं काही वाटणार नाही.

यजमानांची काळजी नको. शेजारच्या रेक्को गावची चीज भरलेली फोकाच्चा, म्हणजे भट्टीतली रोटी, घ्या. पापुद्र्यासारखी पातळ असते. बेकरीतली बाई मोठ्या ताटातून कात्रीने तुकडा कापते, वजन करते, कागदात गुंडाळून हातात देते. तेल कागदातून बोटांना लागतं. ती तिथेच, उभ्यानं खायची. दुसरी फारिनाता : हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह तेल, आणि लाकडाच्या भट्टीत मोठ्या तांब्याच्या परातीत भाजलेली. आपल्या बेसनाच्या पोळ्याची मावसबहीणच. हॉटेलात ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ म्हणा, मांस नको, मासे नको. तरीही सूपचं पाणी कशाचं आहे ते वेगळं विचारा, आणि हॅमचे तुकडे नाहीत ना तेही. कित्येक जण हॅमला ‘मांसात’ धरतच नाहीत.

एक गोष्ट मी दंड भरून शिकलो. पॅसेंजर गाडीचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यायचं असतं. तिकीट माझ्या खिशात होतं, पण छाप नव्हता. तपासनिसाने ऐकून घेतलं आणि पावती फाडली. नियम नियमच होता.

पेस्तो (बेसिलच्या पानांची इटालियन चटणी) घरी करायचाय, पण रत्नागिरीत बेसिल मिळत नाही. तुळस चालेल का? – कॉलेजची विद्यार्थिनी, रत्नागिरी

तुळस नको. तिचा उग्रपणा बाकी सगळं गिळून टाकतो. वाण्याकडून दहा रुपयांचा सब्जा आण, फालुद्यात घालतात तोच, आणि कुंडीत पेर. सब्जा आणि बेसिल वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकच जात आहे. वास थोडा जास्त तिखट असतो, म्हणून तुरा यायच्या आधीची कोवळी पानंच खुड.

मिक्सर लावू नकोस, पानं तापून काळी पडतात. ‘पेस्तो’ हा शब्दच मुळी ठेचणे या क्रियापदावरून आला आहे. तिकडे संगमरवरी खल नि लाकडी बत्ता असतो, आपल्याकडे दगडी खल आहे. आधी लसूण आणि जाडं मीठ, मग पानं, मग पाइनच्या बिया, मग किसलेलं चीज, शेवटी ऑलिव्ह तेल. पाइनच्या बियांऐवजी आपले ओले काजू मी वापरून बघितले. चव मऊ येते, मला आवडते. खोबरेल तेल घालू नकोस, तो वेगळाच पदार्थ होतो.

पेस्तो विस्तवावर चढवायचा नाही. पास्ता उकडलेल्या पाण्याचा एक डाव घालून सैल करायचा. जिनोव्हात त्याच पाण्यात बटाट्याच्या फोडी आणि फरसबीही शिजवतात, तेवढं जरूर कर. आणि घरी कुणी कडक शाकाहारी असेल तर आधी सांग : अस्सल पार्मेझान चीजला वासराच्या जठरातलं विरजण लागतं.

जेवणानंतर कॅपुचिनो मागितला तर हसतात म्हणे? – वाचक, चिपळूण

हसत नाहीत, पण गोंधळतात. दूध घातलेली कॉफी ते नाश्त्याला घेतात. दुपारनंतर नुसतं ‘काफे’ म्हणा, छोट्या कपात कडक कॉफी येते. काउंटरशी उभं राहून प्या, टेबलावर बसलात तर बहुतेक ठिकाणी दर वाढतो.

आमच्या होमस्टेत डिसेंबरात इटलीतल्या पादोव्हाचं एक कुटुंब सहा दिवस येतंय. पास्ता करू का? तिसऱ्यांवर (शिंपल्यांवर) चीज किसून घालू का? फार धास्ती वाटते. – होमस्टे चालवणारी, मालवण

वहिनी, दोन्ही करू नका. आमच्या गॅलीत नेपल्सचा एक म्हातारा कुक होता. त्याच्या तिसऱ्यांच्या स्पॅगेटीशेजारी मी चीजची वाटी ठेवली, तर त्याने एक शब्द न बोलता वाटी उचलून फळीवर ठेवली आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. तिसऱ्यांचं सुटलेलं खारं पाणी हीच त्याची चटणी. तोही त्या आपल्यासारख्याच मिठाच्या पाण्यात ठेवून वाळू काढायचा, फक्त आदाळ्यावर (विळीवर) चिरायचा नाही. लसूण-तेलात झाकण घालून शिंपल्या आपोआप उघडू द्यायच्या, न उघडलेल्या फेकून द्यायच्या.

तुम्ही तुमचं सुकं करा, तिखट निम्मं ठेवा, आणि सोबत घावणे द्या. ताटात सगळं एकदम वाढू नका. त्यांची सवय एकामागून एक पदार्थांची असते : आधी भात किंवा सोलकढीसारखं काही, मग मासे, मग गोड. रात्री आठच्या आधी हाक मारू नका. रस्सा पुसून घ्यायला पावाचा तुकडा ठेवा. ताट पुसून खाणं त्यांच्या घरी मायेनंच चालतं, त्याला नावसुद्धा आहे, ‘स्कार्पेत्ता’.

आणि एक सकाळ राखून ठेवा शिरवाळ्यांसाठी, म्हणजे आपल्या तांदळाच्या शेवयांसाठी. पादोव्हाच्या भागात ‘बिगोली’ नावाच्या जाड शेवया करतात. त्यांचा साचा लाकडी बाकाला बसवलेला असतो, माणूस बाकावर बसून दांडा फिरवतो. तुमचा लाकडी साचा बघितल्यावर त्यांना काही समजावून सांगावं लागणार नाही. उकडलेला गरम उंडा आत घाला, खाली केळीचं पान धरा, आणि दांड्यावर पहिला जोर त्यांच्या आजीला लावू द्या. नारळाचा रस गुळासकट तयार ठेवा, शिरवाळे गार व्हायच्या आत वाटीत पडले पाहिजेत.