दार काही दिवस लावून घे

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. सहा जणांचा गट आठ महिन्यांत चाळीसवर गेला आणि तू विचारतेस, आता साठ कसे सांभाळू? पण साठ कशाला हवेत, हे पाच पानांत एकदाही लिहिलेलं नाहीस. लोक येतायत म्हणून घेतेयस. घेणं थांबव.

सहा जणांत जोड्या होतात १५, चाळीसांत ७८०. माणसं सातपटही झाली नाहीत, पण गैरसमजाला जागा बावन्नपट झाली. ‘पूर्वी सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं’ असं हळहळून लिहिलंयस ना, त्याचा दोष कुणाला देत बसू नकोस. गुणाकारच तसा आहे.

फ्रेड ब्रुक्स यांनी आयबीएममध्ये एका अवाढव्य ऑपरेटिंग सिस्टिमचं काम सांभाळलं होतं. त्यांनी १९७५ मध्ये लिहून ठेवलंय, की रखडलेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी रखडतं. नव्याला शिकवायला जाणतंच माणूस लागतं, हे त्याचं एक कारण. तुझे पहिले पाच जण सध्या काय करतायत? शिकवतायत. मग त्यांचं काम कोण करतं? तू, रात्री जागून. आणि वर म्हणतेस, अजून माणसं हवीत!

मीही हेच केलं, म्हणून चिडतोय. आमचे बाराचे पन्नास झाले, तरी शेवटचा शब्द माझाच. पंधरा दिवस आजारी पडलो तर सगळं ठप्प. पहिल्या दिवसापासूनची एक सहकारी मला तीनदा म्हणाली, “हे मी ठरवू का?” मी म्हणायचो, “ठरव की, फक्त मला विचारून.” चौथ्यांदा तिने विचारलं नाही, निघून गेली. अजून सलतं.

त्यानंतर वर्षभर एकही नवा माणूस घेतला नाही. हेकट म्हणाले, भित्रा म्हणाले. एक मोठं काम हातचं गेलं, दोघे जण कंटाळून सोडून गेले. म्हणू देत. सहा महिने कदाचित पुरले असते, एवढं कबूल करतो. थांबलो ते चुकलं, हे कबूल करणार नाही. त्या वर्षात माझ्याशिवाय बैठका व्हायला लागल्या, आणि काही माझ्यापेक्षा बऱ्या झाल्या.

तेव्हा, घेणं थांबव. गेल्या महिन्यात तू काय काय ठरवलंस ते कागदावर उतरव. चुकलं तर आठवड्याभरात फिरवता येईल असं सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर कर. खर्चाची मर्यादा आधी सांग, मागाहून तोंड घालू नकोस. तुझ्याकडे ठेव फक्त सहजी न फिरणारं: कुणाला आत घ्यायचं, कोणतं काम नाकारायचं, बाहेर कुणाला शब्द द्यायचा. यादी एवढीच. वाढली तर समज, तू परत माझ्या वाटेने निघालीस.

दारात थांबलेल्यांना वाईट वाटेल, ही तुझी काळजी मला कळते. खरं कारण आणि तारीख सांग. थांबणारे थांबतात.

पुढच्या पत्रात आकडा नको. कोणता निर्णय कुणाकडे दिलास, ते नावानिशी लिही. त्यातला एखादा फसला असेल तर तोही लिही, आणि तेव्हा तुला गप्प बसता आलं का, ते आधी लिही.

तुझा,
एक हेकट