मिनिटाला ११ माणसं

प्रश्न : ताई, इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापनाच्या एम.एस्सी.ला मला प्रवेश मिळालाय. कोर्स एक वर्षाचा, सप्टेंबरात सुरू होतो. दहा वर्षं बॅडमिंटन खेळले, गेली तीन वर्षं लहान मुलांना शिकवतेय. तिकडेही संध्याकाळी कोचिंग करून राहण्याचा खर्च भागवायचं ठरवलंय. खेळाची माहिती भरपूर आहे, त्यामुळे अभ्यासाची धास्ती नाही. निघण्याआधी आणखी काय तयारी करू?

उत्तर : आधी कोचिंगचं बोलू, कारण ते तुला डोक्यातून काढूनच टाकावं लागेल. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर व्यावसायिक खेळाडू किंवा प्रशिक्षक म्हणून काम करता येत नाही. स्वतःचा व्यवसायही करता येत नाही, म्हणजे खासगी शिकवण्यांची पळवाटही बंद. दुकानात, कॅफेत, ग्रंथालयात काम कर. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, आणि तो आठवडा सोमवार ते रविवार असा मोजतात. विद्यापीठाच्या संघातून हौसेनं खेळायला कुणाची ना नाही. माझ्या वर्गातल्या एका जलतरणपटूनं तुझ्यासारखंच गणित मांडलं होतं. तिला हा नियम ऑक्टोबरात कळला. पुढचं वर्ष तिनं सँडविचला लोणी लावण्यात काढलं.

दुसरी मेख उन्हाळ्याची. जून ते सप्टेंबर सुट्टी, तेव्हा पूर्णवेळ काम करून तूट भरून काढू, असं बहुतेक जण धरून चालतात. पण एक वर्षाच्या मास्टर्सला तो काळ प्रबंधाचा असतो आणि तो सहसा सत्रातच धरतात. २० तासांची मर्यादा तेव्हाही तशीच. सत्रांच्या तारखा विद्यापीठाकडून लेखी मागून घे आणि मगच पैशांचा हिशेब मांड.

आता ते ‘खेळाची माहिती भरपूर आहे’. मी हॉकीत गोलरक्षक होते आणि हेच म्हणत गेले होते. पहिला निबंध होता प्रेक्षकांच्या सुरक्षिततेवर. मी जल्लोष, घरच्या मैदानाचा फायदा, ढोल-ताशे असलं सगळं दोन हजार शब्दांत रंगवून लिहिलं. वही परत आली तेव्हा समासात एकच प्रश्न होता : ‘मग या मैदानात किती माणसं सोडायची?’ मला काय ठाऊक! मी आयुष्यभर फक्त गोल सोडले नव्हते.

मग ‘ग्रीन गाइड’ उघडलं, म्हणजे ब्रिटनमधलं क्रीडा मैदानांच्या सुरक्षिततेचं मार्गदर्शक. ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर १९७१ साली चेंगराचेंगरीत ६६ माणसं मेली, त्यानंतर १९७३ मध्ये हे मार्गदर्शक पहिल्यांदा निघालं. त्यात मैदानाची क्षमता म्हणजे खुर्च्यांची संख्या नव्हे. तासाभरात दारांतून किती जण आत येतील, किती जण सुखरूप मावतील, सामना संपल्यावर ८ मिनिटांत किती जण बाहेर पडतील आणि आग लागली तर किती जण वेळेत निसटतील, या चारांतला सगळ्यात लहान आकडा ती क्षमता. खुर्च्या ३०,००० असोत, बाहेरच्या वाटा २२,००० माणसांपुरत्या असतील तर तिकिटं २२,०००च छापायची. आणि एका फिरत्या दारातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरायची. म्हणजे मिनिटाला ११.

मला हा आकडा फारच कमी वाटला. म्हणून एका छोट्या क्लबात सामन्याच्या दिवशी मदतीला गेले आणि मोजणीचं बटण हातात घेऊन दारापाशी उभी राहिले. पहिल्या मिनिटाला १४ आले, मी मनात म्हटलं, बघा! मग एक आजोबा कोटाच्या पाचही खिशांत तिकीट शोधायला लागले. त्या मिनिटाला ४. त्यात पाऊस आला, छत्र्या मिटेनात. इतकी वर्षं मैदानात जात होते, पण खेळाडूंच्या दारानं. हे दुसरं दार मी पाहिलंच नव्हतं, आणि तुझा कोर्स जवळपास सगळा याच दाराचा आहे.

तेव्हा निघेपर्यंत खेळावर आणखी वाचत बसू नकोस. एक्सेल पक्कं कर. एखादा इंग्लिश फुटबॉल क्लब निवड. त्यांचे वार्षिक हिशेब तिथल्या ‘कंपनीज हाउस’ या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. उत्पन्न किती आणि त्यातलं पगारावर किती जातं, एवढंच शोध. दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी ठेवलेस की पहिल्या सत्राचा निम्मा अभ्यास तिथेच उलगडतो. १९९५ चा बॉस्मन खटलाही वाच. करार संपलेला खेळाडू पैसे न मोजता दुसऱ्या क्लबात जाऊ शकतो, हे त्या निकालानं युरोपात ठरलं. वर्गात त्याचं नाव रोज निघतं.

आणि पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात जवळच्या छोट्या क्लबाचं दार ठोठाव. मोठे क्लब उत्तरही देत नाहीत. फक्त एक बघ : करारानं बांधलेलं बिनपगारी काम २० तासांत मोजलं जातं, स्वखुशीनं केलेली मदत मोजली जात नाही. होकार द्यायच्या आधी विद्यापीठाच्या व्हिसा कक्षाला विचार.

प्रश्न : याच विषयासाठी अमेरिका बरी की स्वित्झर्लंड?

उत्तर : तुम्हाला कोणाकडे नोकरी करायची आहे? अमेरिकेत या विषयाची मास्टर्स पदवी ओहायो विद्यापीठात १९६६ पासून आहे आणि तिथला मोठा पसारा व्यावसायिक लीग आणि महाविद्यालयीन खेळांचा. पदवीनंतर कामासाठी साधारण एक वर्ष मिळतं. हा विषय सहसा विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसत नाही, त्यामुळे त्या यादीतल्या विषयांना मिळणारी वाढीव दोन वर्षं गृहीत धरू नका.

आंतरराष्ट्रीय संघटनांत जायचं असेल तर स्वित्झर्लंडमधलं लोझान शहर. ऑलिंपिक समिती १९१५ पासून तिथे आहे, आणि अनेक खेळांच्या जागतिक संघटनांची कार्यालयं एकमेकांपासून बसच्या अंतरावर. मात्र जाण्याआधी सहा महिने फ्रेंच शिका. वर्ग इंग्रजीत चालेल, घरमालकीण बहुधा नाही.