वाचकांचे प्रश्न : चिंता, श्वास आणि पहाटेची जाग

प्रश्न : मी ४१ वर्षांची असून एका कार्यालयात हिशेबाचे काम पाहते. गेले चार-पाच महिने पहाटे चारच्या सुमारास जाग येते, छाती धडधडते, पोटात गोळा येतो आणि दिवसभराच्या कामांची रांग डोळ्यांसमोर उभी राहते. थायरॉइड, हिमोग्लोबिन, हृदयाचा आलेख अशा सर्व तपासण्या झाल्या आणि त्यांत काहीही निघाले नाही. जो तो ‘दीर्घ श्वास घे’ असे सांगतो. पण तसे केले की डोके हलके होते, बोटांना मुंग्या येतात आणि भीती उलट वाढते. औषधांशिवाय, रोजच्या सवयींतून काही साधता येईल का, की माझेच काही चुकते आहे?

उत्तर : चूक तुमची नाही, अर्धवट सांगितलेल्या सल्ल्याची आहे. ‘दीर्घ श्वास घ्या’ असे कानावर पडले की बहुतेक जण छाती फुगवून, एकामागून एक मोठमोठे श्वास ओढू लागतात. त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण नेहमीपेक्षा खाली जाते, मेंदूच्या रक्तवाहिन्या काहीशा आकसतात, आणि डोके हलके होणे, बोटांना व ओठांभोवती मुंग्या येणे, श्वास पुरत नसल्यासारखे वाटणे ही लक्षणे दिसू लागतात. आधीच धास्तावलेले मन त्यांचा अर्थ ‘आता काहीतरी होणार’ असा लावते आणि पुन्हा जोराने श्वास ओढते.

म्हणून लक्ष श्वास घेण्याकडे नको, सोडण्याकडे हवे. श्वास आत येताना हृदयाची गती किंचित वाढते आणि बाहेर जाताना ती मंदावते; हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस नावाच्या चेतेचा प्रभाव उच्छ्वासाच्या वेळी अधिक असतो. बसल्या जागी खांदे सैल सोडा, एक तळवा पोटावर ठेवा, नाकाने नेहमीइतकाच श्वास मनात चार आकडे मोजत आत घ्या, आणि ओठ अरुंद करून, समोर ठेवलेल्या दिव्याची ज्योत विझू नये, नुसती थरथरावी इतक्या हळुवार फुंकरीने सहा आकड्यांपर्यंत सोडा. पाच मिनिटे पुरेत. मुंग्या येऊ लागल्या तर श्वास गरजेपेक्षा मोठा घेतला जात आहे, असे समजून तो लहान करावा.

हा सराव पहाटे चार वाजता सुरू करू नका. दुपारी किंवा संध्याकाळी, मन त्यातल्या त्यात स्वस्थ असताना दररोज करा. एरवी तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे होते. अंगवळणी पडलेली गोष्टच घाबरलेल्या अवस्थेत आठवते, नवी आठवत नाही.

आता पहाटेविषयी. रात्रीच्या उत्तरार्धात झोप मुळातच सावध असते आणि कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी जाग येण्याच्या वेळेकडे चढत जाते. जागे झाल्यानंतर साधारण अर्ध्या-पाऊण तासात ती सर्वाधिक असते. शरीर दिवसाच्या तयारीला लागलेले असते, आणि नेमक्या त्याच वेळी चिंता जागी झाली तर त्या तयारीलाही ती धोक्याची खूण मानते. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९१५ मध्येच दाखवून दिले होते की भीतीच्या वेळी अॅड्रिनल ग्रंथींचा स्राव शरीराला झुंजण्यासाठी किंवा पळण्यासाठी सज्ज करतो. पहाटे चार वाजता अंथरुणात ना झुंजायला कोणी असते ना पळायला जागा असते, त्यामुळे ती सज्जता नुसती छातीत धडधडत राहते. हे कळल्याने धडधड थांबत नाही, पण तिचा धसका कमी होतो, आणि निम्मी लढाई त्या धसक्याशीच असते.

घड्याळाची तबकडी भिंतीकडे वळवून ठेवा आणि मोबाइल हाताच्या अंतरावर नसू द्या. वीसेक मिनिटे झोप लागली नाही असे अंदाजाने वाटले, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसा, कंटाळवाणे काहीतरी वाचा, आणि डोळे जड झाले की परत या. १९७२ मध्ये रिचर्ड बूटझिन यांनी मांडलेल्या या पद्धतीमागचा विचार असा की अंथरूण आणि तळमळ यांची जोडी तुटली पाहिजे. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज एकच ठेवा. रात्र वाईट गेली म्हणून दुसऱ्या दिवशी आठ वाजताच आडवे होण्याचा मोह टाळा, कारण त्याची किंमत पुढच्या पहाटेला मोजावी लागते.

कामांच्या रांगेसाठी निराळा उपाय आहे. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये सुचवले की काळजी करायची वेळ आणि जागा ठरवून टाकावी : रोज अर्धा तास, ठरलेल्या खुर्चीत, शक्यतो झोपण्याच्या बरेच आधी. इतर वेळी काळजी वर आली की ‘तुझी पाळी सहा वाजता’ असे म्हणून हातातल्या कामाकडे परतावे. हे हास्यास्पद वाटते, मलाही प्रथम वाटले होते. पण काळजी दाबून टाकण्यापेक्षा ती पुढे ढकलणे मनाला सोपे जाते. त्या अर्ध्या तासात वहीत नेमके लिहा. ‘वर्षअखेरचे सगळे राहून जाईल’ हे वाक्य तिथे उपयोगाचे नाही. ‘दोन खात्यांची शिल्लक जुळत नाही, गुरुवारी सकाळी जुन्या पावत्या काढायच्या आणि दुपारी वरिष्ठांना विचारायचे’ हे उपयोगाचे आहे. ज्याचे असे वाक्य होतच नाही, ती काळजी बहुधा सोडवण्याजोगी नसते, आणि तेवढे उमगणेही कमी नाही.

चालण्याविषयी थोडक्यात : जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. बोलता येईल पण गाता येणार नाही, अशी चाल म्हणजे मध्यम श्रम. तुमच्यासारख्यांना त्याचा आणखी एक लाभ असा की हृदय जोरात धडधडूनही काहीच विपरीत घडत नाही, याचा अनुभव शरीराला रोज मिळतो.

एक सावधगिरी मात्र बाळगा. प्रत्येक सरावानंतर ‘कमी झाली का?’ असे स्वतःला विचारू नका, कारण चिंता मोजणे हा चिंता करण्याचाच एक प्रकार आहे. तीन-चार आठवडे सवयी पाळा आणि हिशेब त्यानंतर मांडा. हिशेबाचे काम पाहणाऱ्या व्यक्तीला रोजची शिल्लक न काढणे जड जाईल, हे मी जाणतो.

प्रश्न : मी दिवसाला सात-आठ कप कॉफी पितो. ती एकदम बंद केल्यास अस्वस्थता जाईल का?

उत्तर : जाईलच असे नाही, पण इतक्या कॉफीवर असताना बाकीच्या उपायांचा गुण कळणे कठीण आहे. दिवसभर साचत जाणाऱ्या आणि झोपेची ओढ लावणाऱ्या अॅडिनोसिनची वाट कॅफिन अडवते. त्याचे निम्मे प्रमाण शरीरातून जायला सरासरी पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी पाचला घेतलेल्या कपातील अर्धा अंश रात्री दहाला शिल्लक असतो. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तर गर्भवतींसाठी २०० मिलिग्रॅमपर्यंतचे कॅफिन सुरक्षित मानले आहे. गाळून केलेल्या कॉफीच्या कपात साधारण ९० मिलिग्रॅम धरले, तर तुम्ही ती मर्यादा केव्हाच ओलांडली आहे. शिवाय चिंतेची प्रवृत्ती असणाऱ्यांना याहून कमी प्रमाणही सोसत नाही. एकदम मात्र सोडू नका : डोकेदुखी आणि चिडचिड सुरू होते, आणि माणूस तिसऱ्या दिवशी पुन्हा कपाकडे वळतो. दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा, सुरुवात संध्याकाळच्या कपापासून.

प्रश्न : माझा वीस वर्षांचा मुलगा परीक्षा जवळ आली की दिवसातून पंधरा-वीस वेळा ‘आई, होईल ना गं सगळं नीट?’ असे विचारतो. मी दर वेळी धीर देते. पण दहा मिनिटांनी तोच प्रश्न. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या धीराने त्याला दहा मिनिटांचा आराम मिळतो, आणि अकराव्या मिनिटाला तो पुन्हा तुमच्याकडे येतो, कारण अनिश्चितता सोसण्याचा सराव त्याच्या ऐवजी तुम्ही करत असता. टाळाटाळ आणि पुन्हापुन्हा खात्री करून घेणे या दोन्ही गोष्टी क्षणभर सुख देऊन चिंतेची मुळे घट्ट करतात. अचानक गप्प बसणे हाही उपाय नव्हे, ते त्याला कठोर वाटेल. तो शांत असताना त्याच्याशी आधी बोलून ठरवा, आणि मग प्रश्न आला की एवढेच म्हणा, ‘तुला धाकधूक होते आहे, ते दिसतंय. काय होईल ते मलाही ठाऊक नाही. आत्ता पुढचं पान कोणतं?’ पहिले काही दिवस त्याचे प्रश्न वाढतील. तेव्हा डगमगू नका. झोप, जेवण आणि थोडे चालणे यांच्या वेळा परीक्षेच्या दिवसांतही ढळू देऊ नका. अभ्यास, झोप किंवा खाणे पुरते विस्कटले, तर त्याला समुपदेशकाकडे न्यावे.

प्रश्न : डॉक्टरांनी दिलेल्या चिंतेवरील गोळ्या मी आठ महिन्यांपासून घेत आहे. आता बरे वाटते, म्हणून त्या थांबवून वनस्पतिजन्य गोळ्या घेतल्या तर चालेल का?

उत्तर : स्वतःच्या मनाने नाही. या प्रकारच्या अनेक गोळ्या एकाएकी बंद केल्यास चक्कर, निद्रानाश, अंगात झिणझिण्या असा त्रास होतो, आणि झोपेच्या किंवा शांत करणाऱ्या काही गोळ्यांच्या बाबतीत तो धोकादायकही ठरतो. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने कमी केल्या जातात. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी, हाही गैरसमज आहे. सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती नैराश्य व चिंतेवरील कित्येक औषधांबरोबर घेतल्यास सेरोटोनिनचे प्रमाण घातक पातळीला जाऊ शकते, शिवाय ती गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते. कावा या वनस्पतीमुळे यकृताला गंभीर इजा झाल्याची उदाहरणे नोंदली गेली आहेत. वर सांगितलेल्या सवयी गोळ्यांच्या जोडीने खुशाल सुरू करा, कारण त्या चांगल्या मुरल्या असतील तर मात्रा कमी करण्याचे दिवस सुकर होतात. त्या काळात किंवा एरवीही जगणे नकोसे वाटू लागले, तर पुढच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. एरवी, पुढच्या भेटीला जाताना तुम्ही घेत असलेल्या प्रत्येक गोळीचे, चूर्णाचे आणि काढ्याचे नाव एका कागदावर लिहून न्या. दुकानातून सहज आणलेल्या वस्तू त्या यादीतून नेहमी सुटतात.