गल्लीत जाझ वाजेल का?

प्रश्न : माझे वडील लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवायचे. आता घरीच असतात, वाद्य पेटीत पडून आहे. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जाझ दिन असतो असं वाचलं आणि वाटलं, त्यांनी त्या दिवशी गल्लीत वाजवावं. आमच्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशी सगळी घरं आहेत. गणपती सोडले तर एकत्र येणं होत नाही. बाबा म्हणतात, "ते मुंबईच्या हॉटेलातलं संगीत. आपल्या लोकांना काय कळणार?" त्यांना काय सांगू?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, बाबांना सांगा, तुम्ही आयुष्यभर जे वाजवलंत त्यात जाझ होतंच.

हॉटेलाचं म्हणणं अर्धं खरं आहे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी वादकांचा संच मुंबईच्या ताजमध्ये वाजवायला आला. पुढे हॉटेलांतून जाझ वाजवणारे गोव्याचे वादक सिनेमाच्या ध्वनिमुद्रणालाही बसू लागले, आणि पुणतांब्यात जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र यांनी त्यांना हाताशी धरलं. १९५१ च्या 'अलबेला'त ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावर दिसतात. त्यातली गाणी वरातीत वाजवली नाहीत असा जुना बँडवाला मला सोलापुरात भेटलेला नाही. मी स्वतः क्लॅरिनेटवर वाजवली आहेत.

आणि त्याच्याही मागे गेलात, तर जाझ रस्त्यावरचंच. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात अंत्ययात्रेला बँड असतो. जाताना संथ भजनं, आणि निरोप देऊन झाला की परतीच्या वाटेवर उडत्या चाली. बँड आणि घरचे लोक पुढे, मागून वाटेत सामील झालेली वस्ती, छत्र्या नि रुमाल नाचवत. त्या मागच्या लोकांना तिथे सेकंड लाइन म्हणतात. जाझचे थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग १९०१ मध्ये त्याच शहरातल्या गरीब वस्तीत जन्मले. आपल्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांपुढे एकानं "एकदा भक्तलिंग हर्र" म्हटलं की सगळा रस्ता "बोला हर्र" म्हणून उठतो ना? जाझमध्ये तेच काम वाद्यं करतात. ट्रम्पेट एक ओळ टाकतो, क्लॅरिनेट तिला उत्तर देतो. असं असताना आपल्या लोकांना त्यातलं कळणार नाही, हे मला पटत नाही.

खरा आनंद मात्र आळीपाळीनं एकट्यानं वाजवण्यात आहे. लग्नाच्या बँडात मास्तरनं ठरवलेला पीस सगळ्यांनी वाजवायचा; युफोनियम हे जाड्या आवाजाचं पितळी वाद्य वाजवणारा वर्षानुवर्षं मागे उभा राहून खर्ज भरतो, त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. जाझमध्ये त्यालाही पुढे यावं लागतं. एका आषाढात आम्ही बँडच्या शेडमध्ये हा प्रयोग केला होता. युफोनियमवाले काका तेलुगू घरातले. त्यांची वाजवायची वेळ आली तेव्हा आधी नको नको म्हणाले, मग त्यांनी बतुकम्मा या तेलुगू बायकांच्या फुलांच्या सणातल्या गाण्याची चाल धरली. साइड ड्रमवरचा पोरगा घरी उर्दू बोलणारा. त्यानं ती चाल कधी ऐकलेली नव्हती, पण दुसऱ्या फेरीला त्यानं काठीनं नेमकी त्यांची जागा उचलली. काका वाजवता वाजवता त्याच्याकडे वळले. शेजारच्या बायका हातातलं काम टाकून दारात आल्या, आणि त्यातल्या दोघी ते गाणं म्हणू लागल्या. इतकी वर्षं एका बोळात राहून त्या शेडमध्ये त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं.

आता काम. ३० एप्रिलचा हट्ट सोडा. ती ऐन लगीनसराई, एकही वादक मोकळा सापडणार नाही, आणि चाळिशीपार उन्हात पितळ हातात धरवत नाही. आषाढात मुहूर्त नसतात, बँडवाले रिकामे असतात, तेव्हा बोलवा. मुंबईहून कलाकार नकोत, भिंतीएवढे स्पीकर तर मुळीच नकोत.

सुरुवातीला बारा मापांचा ब्लूज, म्हणजे जाझमधला एक साधा ठरलेला साचा घ्या, प्रत्येक माप चार मात्रांचं. पहिली चार मापं सा, मग दोन म, दोन सा, एक प, एक म, आणि शेवटची दोन पुन्हा सा. युफोनियमनं हा पाया धरून ठेवायचा, तबल्याला लेहरा धरतात तसा. त्यावर एकेकानं एक फेरी आपल्या मनानं वाजवायची. ट्रम्पेट, क्लॅरिनेट बी-फ्लॅटचे आणि अल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा, म्हणून सगळ्यांनी एकच कागद वाचून चालणार नाही. पट्ट्या जुळवायचं काम बाबांकडेच द्या. तेवढ्यासाठी तरी पेटी उघडतील. सॅक्सोफोन बरेच दिवस पडून असेल तर भोकं झाकणारे पॅड एकदा तपासून घ्या आणि तोंडाशी लावायची नवी रीड (पातळ पट्टी) आणा. फुटक्या आवाजानं माणूस पहिल्याच दिवशी खचतो.

प्रश्न : ज्यांना काहीच वाजवता येत नाही, त्यांनी नुसतं बसून ऐकायचं का?
– त्याच वाचक

उत्तर : अजिबात नाही. त्यांना टाळी द्या. आपला हात सवयीनं समेवर पडतो. इथे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर टाळी धरायची. पोरं चटकन उचलतात, मोठ्यांना दोन-तीन फेऱ्या लागतात. आणि टाळी चुकली म्हणून कुणाला थांबवू नका, ड्रमवाला सावरून घेईल.