बाबांना सिरॉसिस (यकृत वणांनी घट्ट होत जाण्याचा आजार) आहे. आम्ही कालवं शिजवूनच खातो, तरी डॉक्टर खाडीच्या पाण्याची भीती का घालतात?

डॉक्टरांचं बरोबर आहे. मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

त्यांच्या मनात बहुधा व्हिब्रिओ व्हल्निफिकस असावा, कॉलऱ्याच्या जंतूचा भाऊबंद. खाडीच्या कोमट, मचूळ पाण्यात तो वाढतो आणि पाणी गाळून जगणाऱ्या कालवांत साठतो. त्याची रक्तातली लागण दुर्मीळ आहे, धडधाकट माणसाला सहसा जुलाब-उलट्यांवर भागतं. पण आतड्याकडून येणाऱ्या रक्ताचा तपासणी नाका म्हणजे यकृत. सिरॉसिसमध्ये बरंचसं रक्त आडवाटेनं पुढे निघून जातं, जंतूंसकट. शिवाय लोहाला आवर घालणारं हेप्सिडिन यकृतातच बनतं. ते कमी पडलं की रक्तात मोकळं लोह वाढतं आणि हा जंतू त्यावर भराभर पोसतो. अशा रुग्णांच्या रक्तात तो शिरला, तर उपचार करूनही निम्म्याहून जास्त दगावतात.

अमेरिकेत कालवं कच्ची, लिंबू पिळून खातात. लिंबानं काही मरत नाही. कॅलिफोर्नियानं २००३ मध्ये मेक्सिकोच्या आखातातल्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या कालवांवर एप्रिल ते ऑक्टोबर विक्रीबंदी आणली आणि तिथले असे मृत्यू जवळपास थांबले.

तुम्ही शिजवून खाता, उत्तम. शिंपा उघडल्यावर आणखी पाच मिनिटं उकळू द्या. मला जास्त काळजी वाटते ती हातापायांची. ओहोटीला खडकावर कोयतीनं कालवं फोडताना बोट कापतं, शिंगाळ्याचा काटा रुततो. जंतू तिथूनही शिरतो. त्यात बाबांच्या पायांना सूज असेल तर कातडी ताणलेली, चिरलेली असते. त्यांना खाडीत उतरू देऊ नका, मासे साफ करायलाही बसवू नका.

थंडी वाजून ताप, पाय असह्य ठणकणं, पोटरीवर काळेजांभळे फोड, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता मोठं हॉस्पिटल गाठा. गेल्या गेल्या सांगा: "सिरॉसिस आहे, खाडीचं पाणी लागलंय" किंवा "कालवं खाल्लीत". आमच्याकडे येणाऱ्या फॉर्मवर बऱ्याचदा नुसतं 'ताप' लिहिलेलं असतं, त्यावरून काय कळणार? ब्लड कल्चर, म्हणजे रक्तातला जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी, अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घेतात, पण रिपोर्टसाठी औषध अडवून ठेवत नाहीत. साधारणपणे डॉक्सिसायक्लिन आणि सेफ्टाझिडिम जोडीनं देतात.

बांगडा, सुरमई ताजी आणि नीट शिजवलेली असेल तर खुशाल खाऊ दे. पोटात पाणी होत असेल तर सुकट आणि खारा बांगडा मात्र बंद. ते या जंतूमुळे नाही, मिठामुळे.